कच्चा आवाज

चावीकाकांनी पियानोचं झाकण वर उचललं, काठी खाचेत बसवली आणि ती नीट बसली आहे ना हे दोनदा हलवून पाहिलं. मग खिशातून लोकरीची लांब लाल फीत काढली आणि तारांच्या जुडग्यांमधून ती बोटाने दाबत दाबत सरकवायला लागले. पियानोत बहुतेक सुरांना तीन तीन तारा असतात. बाजूच्या दोघींची तोंडं फितीने बंद करायची, मधलीला सुरात आणायचं आणि मग एकेकीला बोलू द्यायचं, असा तो मामला. तिघी बहिणींना एकदम बोलू दिलं तर कुणाचंच धड ऐकू येत नाही, असं काका म्हणत. हा विनोद ते तीस वर्षं करत आले होते आणि स्टुडिओतली माणसं तीस वर्षं हसत आली होती. आज त्यांनी तो केला नाही.

पलीकडे रेकॉर्डिस्ट जमिनीवर बसून केबलची वेटोळी सोडवत होती. पस्तिशीची बाई, गळ्यात कायम हेडफोन. भिंतीवरचं घड्याळ तिने आधीच बाहेरच्या खोलीत नेऊन उशीखाली ठेवलं होतं, कारण त्याची टिकटिक माइकला ऐकू जायची. पंखा बंद होता. वरचा एक दिवा गुणगुणत होता, तोही तिने काढून टाकला होता.

"काका, ही खुर्ची करकरते का बघा ना. चेलोवाले दोन वाजता येतील."

काकांनी हातातली चावी पियानोवर ठेवली आणि खुर्चीत बसून पुढेमागे झाले.

"खुर्ची ठीक आहे. करकरतायत ते माझे गुडघे."

ती हसली, पण हात थांबवला नाही. पियानोच्या पोटाशी तिने दोन माइक लावले, खुर्चीपुढे एक, चेलो या बसून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसाठी. पियानोच्या बाकदार कडेपाशी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. गाणारीने उभं राहायची जागा. ती फुली तिथे पाच महिने तशीच होती. झाडणाऱ्या बाईला रेकॉर्डिस्टने ती काढू दिली नव्हती. आज तिथे माइक लावायचा नव्हता. गाणारीचं काम आधीच होऊन गेलं होतं.

गाणारी म्हणजे चावीकाकांची ताई. स्टुडिओत त्यांना सगळे चावीकाका म्हणत, तारा आवळायच्या त्या लाकडी मुठीच्या चावीमुळे, आणि त्यांचं खरं नाव दारावरच्या वॉचमनलाही ठाऊक नव्हतं. ताई त्यांना छोट्या म्हणायची. त्यांना बासष्टावं लागलं तरी छोट्याच. ती सहा वर्षांनी मोठी. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांत मागच्या रांगेत उभी राहून गायली. पुढे कुणीतरी नावाजलेलं असायचं आणि मागे ही, आणखी पाचजणींबरोबर. अडुसष्टाव्या वर्षी तिने स्वतः बांधलेली एक चाल पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात द्यायचं ठरवलं, तेव्हा आजार अंगात शिरलेला होता.

गाणं पक्कं मुद्रित करण्याआधी गाणारा एकदा ते नुसतंच, साथीशिवाय, गाऊन ठेवतो. कुठे थांबायचं, कुठे लांबवायचं हे वादकांना कळावं एवढ्यापुरतं. त्याला इथे कच्चा आवाज म्हणत. पक्कं झालं की तो पुसून टाकायचा. ताई एका सकाळी येऊन कच्चा आवाज देऊन गेली. पक्क्याची तारीख आठ दिवसांनंतरची ठरली. पाचव्या दिवशी तिला हॉस्पिटलात हलवलं आणि महिन्याभरात ती गेली. त्या गाण्याचा आता जगात तेवढाच एक आवाज उरला होता. त्याच्याखाली पियानो आणि चेलो वाजवायचे आणि तोच पक्का करायचा, असं तिच्या मुलीने ठरवलं होतं.

काकांनी पट्ट्यांवरचं झाकण उघडलं. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा होत्या, एकीखाली एक, सगळ्या त्यांच्याच बारीक अक्षरात. पियानो लावून झाला की तारीख टाकायची, हा त्यांचा नेम. काकांनी तिकडे न बघता खिशातून नादकाटा, आपटला की नेहमी एकच खरा सूर देणारा तो दोन पायांचा पोलादी काटा, काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला.

साडेनऊला भाची आली. एका शाळेत ती मुलांना पियानो शिकवायची. खांद्याला आईची तपकिरी पर्स होती. तिला ती शोभत नव्हती आणि ते तिला माहीत होतं.

"मामा, झाला का?"

"आत्ता तर कुठे बसलोय."

तिने पर्स पियानोवर ठेवली. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडच्या खोलीतून बाहेर आली आणि दाराशीच थांबली.

"तुम्हा दोघांना एक सांगायचंय. कालच सांगणार होते, पण फोनवर नको वाटलं."

"काय झालं?"

"आवाज खाली आहे."

भाचीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"म्हणजे बेसूर नाही हं. एकही सूर दुसऱ्याशी चुकत नाही. पण अख्खं गाणंच खाली बसलंय. पांढऱ्या पट्टीपासून शेजारच्या काळ्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर असतं ना, त्याच्या जवळजवळ निम्म्याने. चेलोवाल्यांनी घरी त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं, तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं."

"आई खाली गात नाही," भाची म्हणाली. मग तिने वाक्य दुरुस्त केलं. "गात नसे."

"आजारी होत्या गं. दोन जिने चढून आल्या होत्या. साथीला काही नव्हतं. दम पुरला नाही की माणूस खाली येतो."

"माणूस येत असेल. आई नाही."

काका फितीचं टोक तारांमधून ओढत होते. ते अडकलं होतं आणि ते उलट्या बाजूने ओढत होते.

रेकॉर्डिस्टने मशीनवर आवाज वर चढवून ठेवला होता. तो तिने ऐकवला. आधी जसा होता तसा, मग चढवलेला. ताईच होती. पण इस्त्री केल्यासारखी. शब्दाच्या शेवटी ती जो श्वास सोडायची तो आता घाईघाईने निघून जात होता.

"कळतंय का?" भाचीने विचारलं.

"शंभरातल्या नव्वदांना नाही कळणार."

"कर मग तसंच. तिचं एकच गाणं येणार, आणि लोक म्हणणार की सूर उतरला होता. ते नको." भाचीने पियानोवरची नसलेली धूळ बाहीने पुसली. "त्या दिवशी घरी येऊन तिने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्या कडव्यातला वरचा सूर लागला म्हणून. वर्षभर लागत नव्हता तो. जेवताना सांगितलं, औषध घेताना सांगितलं, दिवा मालवल्यावर परत सांगितलं. म्हणजे तोही खालीच होता." ती थोडी हसली. "बरं झालं, तिला कळलं नाही."

चावीकाकांच्या हातातली फीत सुटून तारांवर पडली आणि सगळ्या तारा बारीक आवाजात कुरकुरल्या.

त्या सकाळी ते इथेच होते. आधी दोन महिने स्टुडिओ रंगकामासाठी बंद होता, खिडक्या दिवसरात्र उघड्या, हवा कोरडी ठणठणीत. काकांनी येऊन एक पट्टी दाबली, नादकाटा वाजवला आणि पियानो किती उतरलाय ते त्यांना जागच्या जागी कळलं. सबंध सकाळ जाणार होती. आणि कशासाठी? ताई या पियानोवरून एक सूर घेणार, बस. कच्चाच तर आवाज. पुढच्या आठवड्यात पक्क्याच्या वेळी लावू की निवांत. बाहेर छान ऊन पडलं होतं आणि वॉचमन पायऱ्यांवर पत्ते पिसत बसला होता. काका खाली गेले आणि अकरा वाजेपर्यंत हरत राहिले.

मग ताई आली. दर वळणावर थांबत ती दोन जिने चढली. काकांनी तिची पर्स धरली होती. वर पोचल्यावर कठड्याला धरून तिने दम घेतला आणि चाळीस वर्षं प्रत्येक वेळी विचारायची तेच विचारलं.

"लावलास का रे?"

"हो," काका म्हणाले होते.

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. चाळीस वर्षं त्या प्रश्नाला तेवढंच उत्तर होतं, तेच तोंडातून गेलं. आणि मग पर्स तिच्या हाती देऊन ते डाव पुरा करायला खाली गेले.

आता त्यांनी फीत उचलून गुंडाळली, मुठीत धरली.

"मशीन नको," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला फरक कळतोय ते मला माहितीय, पण..."

"ताई खाली गायली नाही. पियानो खाली होता. तिने सूर पियानोवरनं घेतला. मी तो लावला नव्हता."

रेकॉर्डिस्टला आधी नीट समजलं नाही. "पण त्या दिवशी तुम्ही तर सकाळपासून आला होतात."

"आलो होतो. खाली पत्ते खेळत बसलो होतो."

काकांनी पट्ट्यांवरच्या झाकणाकडे बोट केलं.

"बघ. ही रंगकामाच्या आधीची तारीख. त्याखालची ही, ताईला हॉस्पिटलात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मध्ये काही नाही."

भाचीने खाली वाकून दोन्ही तारखा बोटाने वाचल्या. दोन ओळींमध्ये जागासुद्धा सुटली नव्हती. काकांनी एकीखाली दुसरी नेहमीसारखी नीट लिहिली होती.

"तिने तुला विचारलं असेल."

"विचारलं."

"मग?"

"हो म्हणालो."

भाची चेलोच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची करकरली नाही.

"मघाशी मी म्हटलं, आईचा सूर उतरला. तेव्हा तू इथेच होतास."

"होतो."

"मी म्हटलं, मशीनने वर आण. तेव्हाही गप्प."

"हो."

"माझ्याशी थोडा वेळ बोलू नकोस, मामा."

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. लहानपणापासून ती त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. शेजारच्या मुलाने पेन्सिल मोडली तरी धावत येऊन त्यांनाच सांगायची. आत्ता ती जमिनीवरच्या फुलीकडे बघत बसली होती आणि तिची मान आईसारखी एका बाजूला कलली होती. काका उभेच राहिले. बसावं असं त्यांना वाटेना.

रेकॉर्डिस्ट म्हणाली, "गाणं सुरू व्हायच्या आधीचं मी कापून बाजूला ठेवते, टाकत नाही. त्यांनी पियानोवरनं सूर घेतला असेल तर त्यात सापडेल. मी काही ते ऐकलेलं नाही. मशीन चालू केलं आणि मागच्या खोलीत फोन घ्यायला गेले होते. कच्चाच आवाज म्हणून." शेवटचे शब्द बोलल्यावर तिने मान खाली घातली.

भाचीने पियानोवरची पर्स उचलली आणि तिघं काचेपलीकडच्या खोलीत गेले. रेकॉर्डिस्टने शोधून तो तुकडा लावला.

दार लागल्याचा जाड आवाज. पावलं, सावकाश. पर्स पियानोवर ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता श्वास, जिने चढून आलेल्या माणसाचा, हळूहळू खाली बसत जाणारा. पट्ट्यांवरचं झाकण उघडलं. थोडी शांतता. मग एक पट्टी वाजली.

रेकॉर्डिस्टने पडद्यावरच्या आकड्याला बोट लावलं. "बरोबर तेवढाच. पियानोच खाली होता."

भाचीने डोळे मिटले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. काकांना ते दिसलं. झालं, ताईवरचा डाग गेला, आता माझ्यावर राहू दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि रेकॉर्डिस्ट बंद करायला हात पुढे करणार तोच पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

मग एक बारीक आवाज. सुरुवातीला किंचित झर्र झाला, लगेच स्वच्छ झाला आणि लांबत गेला.

"हे काय? चहाचा चमचा?" रेकॉर्डिस्ट म्हणाली.

काकांना तो आवाज कुठेही ओळखू आला असता. ऐन विशीत घेतलेला त्यांचा पहिला नादकाटा. एकदा फरशीवर पडून त्याच्या एका पायाला खाच पडली, तेव्हापासून वाजताना आधी झर्र करायचा आणि मग सुरावर यायचा. ते फेकून देणार होते. ताईने मागून घेतला. टाकतोस कशाला, थोडा कुरकुरतो पण शेवटी खरंच बोलतो, असं म्हणाली आणि पर्समध्ये टाकला.

यंत्रातून तो सूर विरत विरत गेला. त्यानंतर ताईने तीच पट्टी पुन्हा दाबली. खालची. पुन्हा नादकाटा, या वेळी पियानोच्या लाकडाला टेकवलेला, मोठा. दोन्ही सूर एकमेकांना घासत राहिले. लहान मुलालासुद्धा कळलं असतं.

शांतता. ती किती वेळ होती ते कुणी मोजलं नाही. मग नाकातून आलेलं एक हसू, आणि अगदी हळू, लाडू चोरताना सापडलेल्या पोराला हाक मारावी तसं:

"छोट्या..."

पर्सची चेन बंद झाली. ताईने पियानोची ती खालची पट्टी परत एकदा दाबली, तिचा सूर मिटल्या तोंडाने धरून पाहिला, आणि गाणं सुरू केलं.

तिला कळलं होतं. गायच्या आधीच कळलं होतं. खालचा सूर घ्यायचा की खरा, हे तिच्या हातात होतं. खरा घेतला असता तर पियानोशी जुळला नसता आणि दुसऱ्या कुणीतरी विचारलं असतं की पियानो कुणी लावला, कधी लावला. आणि खालचा घेतला तर तिसऱ्या कडव्यातला वरचा सूरही तेवढाच खाली येऊन हाताला लागणार होता, हेही तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? यातलं काय तिच्या मनात होतं, की दोन्ही होतं, हे विचारायला आता उशीर झाला होता.

चावीकाकांनी चष्मा काढला आणि हातातल्या लाल फितीनेच पुसायला लागले. फितीची लोकर काचेला चिकटत होती. ते पुसतच राहिले. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने तपकिरी पर्स उघडली, आतून खाच पडलेला तो नादकाटा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"आज याचं काम नाही," काका म्हणाले. "आज पियानो ताईवर लावतो. मशीन नको. ती आहे तिथेच राहू दे. आपण खाली जाऊ."

"सगळा पियानो? काका, सव्वादोनशे तारा आहेत. आणि उद्या दुपारी इथे दुसरं काम आहे."

"उद्या सकाळी येऊन परत वर आणतो."

"दोनपर्यंत होईल?"

"हात चालवला तर होईल. फक्त पट्टी दाबायला कुणीतरी हवं."

रेकॉर्डिस्टने भाचीकडे पाहिलं. भाची उठली आणि पियानोसमोरच्या बाकावर जाऊन बसली.

रेकॉर्डिस्टने ताईच्या गाण्याचा पहिला सूर तेवढाच कापून घेतला आणि स्पीकरवर परत परत लावून ठेवला. एकच अक्षर, एकच सूर, दर चार सेकंदांनी. काका मधल्या तारेच्या खुंटीवर चावी बसवून ती केसभर सैल करत, ऐकत, आणखी केसभर सैल करत. पियानोचा सूर आणि ताईचा सूर एकमेकांभोवती आधी भराभर थरथरले, मग सावकाश, आणि मग थरथर थांबली.

"पुढची," काका म्हणाले.

भाचीने पुढची पट्टी दाबली.

एकदा तेवढा सूर बसला की बाकीचे त्याच्यावरून लावत जायचे. तासभर त्या दोघांमध्ये याच एका शब्दाचं बोलणं झालं. रेकॉर्डिस्टने चहा आणून ठेवला, तो गार झाला. मधल्या पट्ट्या संपल्या, खालच्या जाड तारा झाल्या, मग काका वरच्या बारीक तारांकडे वळले. तिथे तर अगदी श्वास रोखून चावी फिरवावी लागते. तारेकडे बघतच ते बोलायला लागले.

"गाऊन खाली आली तेव्हा जिन्यात मला म्हणाली, छोट्या, वरचा सूर लागला रे आज. पियानो मस्त लावलायस. असं म्हणून पाठीवर हात ठेवला."

भाचीचं बोट पट्टीवर थांबलं.

"मी म्हटलं, मग! कुणी लावलाय!"

तार वाजून वाजून गप्प झाली. भाचीने ती पट्टी सोडली नव्हती. काकांनी चावी खुंटीवरून काढून घेतली.

"पुढची," या वेळी भाची म्हणाली, आणि तिने स्वतःच पुढची पट्टी दाबली.

दोनला दहा कमी असताना चेलोवाले आले. आडव्या अंगाचे, घामाघूम, पाठीवर वाद्याचं मोठं खोकं. रेकॉर्डिस्टने त्यांना काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, पत्त्यांचा भाग वगळून. त्यांनी मान डोलावली.

"माझ्या चारच तारा. पाच मिनिटांत उतरवतो. कशावर लावू?"

"पियानोवरनं घ्या," काका म्हणाले.

"आईवरनं घ्या," भाची म्हणाली.

चेलोवाल्यांनी दोघांकडे पाहिलं आणि स्पीकरकडे कान केला.

काकांनी लाल फीत ओढून काढली, गुंडाळून खिशात टाकली. खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबून ऐकली. दोन ठिकाणी परत चावी लावली. मग पेन्सिल काढून पट्ट्यांवरच्या झाकणाच्या आत तारीख लिहिली. तारखेपुढे ते कधी काही लिहीत नसत. आज त्यांनी लिहिलं, 'ताईवर'. भाची बाजूला उभी राहून बघत होती. ते उठून बाजूला झाले आणि ती बाकावर बसली, बाक दोन बोटं पुढे ओढलं.

काकांनी चावी पिशवीत घातली आणि ते दाराकडे निघाले.

"लावलास का रे?"

मागे वळून बघायच्या आधी काकांना क्षणभर कळेना की कुणी विचारलं. भाची त्यांना कधी रे म्हणत नसे. तिचे हात मांडीवर होते आणि डोळे पट्ट्यांवर.

हो म्हणायला तोंड उघडलं, पण ते तसंच राहिलं.

"तूच बघून घे," काका म्हणाले. "मी सांगतो म्हणून नको."

भाचीने काचेकडे मान हलवली. रेकॉर्डिस्टने ताईचा पहिला सूर लावला. तो खोलीत आला तशी भाचीने पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. दोन सूर होते की एक, हे सांगता आलं नसतं. फुलीच्या जागेवर कुणी उभं नव्हतं, पण चेलोवाल्यांनीसुद्धा तिकडेच पाहिलं. सूर विरून संपेपर्यंत भाचीने बोट उचललं नाही.

"मस्त लावलायस," ती म्हणाली.

याचं उत्तर चावीकाकांना ठाऊक होतं, एकदा दिलेलं होतं. त्यांनी मान खाली घालून दार ओढून घेतलं, आणि बाहेरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.